अण्णांच्या बंदुका

रविवार, रात्री

जुन्या बंदुका जमवणाऱ्या आणि पारखणाऱ्या अण्णांकडे आज सकाळी एक गृहस्थ आले आणि रागावूनच परत गेले. वडिलोपार्जित बंदूक होती त्यांची, रीतसर परवान्यावरची. कापडाच्या खोळीतून काढून त्यांनी ती गादीवर ठेवली आणि म्हणाले, "आमच्या खापरपणजोबांची. अष्टीच्या लढाईत बापू गोखल्यांच्या फौजेत होते ते." त्यांना फक्त अण्णांच्या तोंडून होकार ऐकायचा होता.

अण्णांनी आधी चहा मागवला. मग बंदूक खिडकीशी नेली, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ गप्प. नळीच्या मागच्या टोकाला टोपी, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारी तांब्याची छोटी वाटी, बसवायची बोंडी होती. पेशव्यांची इंग्रजांशी झालेली अष्टीची लढाई फेब्रुवारी १८१८ची. टोपीच्या बंदुका पलटणींच्या हातात आल्या त्या त्यानंतर वीसेक वर्षांनी. तरीही अण्णांनी लगेच निकाल दिला नाही. जुन्या चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीनं पेटणाऱ्या, बंदुका पुढे टोपीच्या करून घेत, हे त्यांना ठाऊक. तसं केलेलं असेल तर बाजूच्या पत्र्यावर रंजकाची (पेटवायच्या दारूची) वाटी आणि स्प्रिंग काढल्याची, बुजवलेली भोकं दिसतात. टॉर्च तिरपी धरून त्यांनी तो पत्रा बोटभर बोटभर पाहिला. एकही भोक नव्हतं.

"तुमचे खापरपणजोबा अष्टीला असतीलही," अण्णा म्हणाले. "ही बंदूक नव्हती."

गृहस्थ उठले. मला त्यांचं वाईट वाटलं, कारण घरातली गोष्ट अशी एका वाक्यात गेली की माणूस ओकाबोका होतो. पण अण्णांचं वागणं मला पूर्ण पटतं. सोलापुरात त्यांना "बंदूकवाले अण्णा" म्हणणारे पुष्कळ आहेत. बंदुका जमवणारा माणूस म्हणजे कोणीतरी मिशीवाला शिकारी असणार, असं त्यांना वाटतं. अण्णांनी उभ्या आयुष्यात एक चिमणी मारलेली नाही. त्यांना वस्तूबद्दलचं खरं हवं असतं, आणि त्यासाठी ते कुणाचीही नाराजी घेतात.

हे वेड अक्कलकोटचं. लहानपणी वडील स्वामी समर्थांच्या दर्शनाला घेऊन जायचे, आणि एकदा तिथून राजवाड्यातलं भोसल्यांचं शस्त्रागार दाखवायला नेलं. तलवारी, भाले सगळं होतं, पण हा मुलगा अडकला तो बंदुकांपाशी. वडिलांना हात धरून ओढत बाहेर काढावं लागलं, असं त्यांची थोरली बहीण अजून सांगते.

त्यांच्याबरोबरचा एक दिवस मी कधी विसरणार नाही. बार्शीकडच्या एका गावात जुनं माळवदाचं घर पाडताना तुळईच्या वरच्या पोकळीत एक बंदूक सापडली. घरमालक ती थेट अण्णांकडे आणायला निघाला होता. अण्णांनी फोनवरच बजावलं, हात लावू नका, आधी पोलिसांना कळवा. मग ठाण्यातूनच अण्णांना बोलावणं आलं आणि मी गाडी घेऊन गेलो.

तोड्याची, म्हणजे जळत्या वातीनं पेटवायची, बंदूक होती. पुरुषभर लांब, सरळसोट दस्ता, नळी दस्त्याला चामड्याच्या वादीनं बांधलेली. घरमालक म्हणत होता, "शंभर वर्षं पडून आहे, रिकामीच असणार." अण्णांनी सगळ्यांना नळीच्या तोंडापासून बाजूला केलं. बांबूची एक पातळ काठी नळीत सोडली, ती जिथे अडली तिथे तोंडाशी पेन्सिलीनं खूण केली. मग काठी बाहेर काढून नळीच्या वरून धरली. काठीचं टोक कानाच्या, म्हणजे दारू पेटवायच्या, भोकापर्यंत पोचायला हवं होतं. ते वीतभर अलीकडेच थांबलं.

म्हणजे आत दारू होती आणि तिच्यावर गोळी.

खोलीत कोणी बोलेना. काळी दारू कोरडी राहिली तर किती वर्षांनीही पेट घेते. अण्णांनी अधिकाऱ्यांच्या परवानगीनं कानातून आणि तोंडातून पाणी ओतलं, भिजू दिलं. मग टोकाला मळसूत्र लावलेल्या गजानं आधी चिंध्यांचा बोळा निघाला, मग शिशाची गोळी, आणि मागून काळा चिखल. कोणीतरी ती भरून ठेवली होती आणि झाडायची वेळ आली नव्हती. कोण, कशासाठी, याचा तर्क करायला घरमालक उत्सुक होता. अण्णांनी पंचनाम्यात एवढंच लिहायला सांगितलं: भरलेली सापडली.

त्यांच्या संग्रहातली माझी आवडती बंदूक दिसायला हुबेहूब १८५३च्या नमुन्याच्या एनफिल्ड या इंग्रजी रायफलीसारखी आहे. विकणारा तिला "सत्तावनची रायफल" म्हणत होता. अण्णांनी नळीत उजेड सोडून मला पाहायला लावलं. खऱ्या एनफिल्डच्या नळीत तीन आट्या, म्हणजे पीळदार खाचा, असतात, त्यांच्यामुळे गोळी फिरत जाते आणि लांबवर नेमकी लागते. इथे भिंत गुळगुळीत. नेम धरायची शिडीही नाही, नुसता ठोकळा. उठावानंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींसाठी मुद्दाम अशा बिनआट्यांच्या बंदुका करून घेतल्या. बाहेरून तीच, आतून कमी पल्ल्याची. पुढेही हिंदी शिपायाच्या हातात गोऱ्या शिपायाच्या मागच्या पिढीचं हत्यार देत गेले. हे मी वाचलं होतं, पण त्या नळीला डोळा लावला तेव्हा अंगावर काटा आला. अण्णांनी चिठ्ठीवर "रायफल" हा शब्द लिहिला नाही. तिला आट्याच नाहीत, तर रायफल कशी म्हणणार?

ते कधी पॉलिश करत नाहीत. चकाकी आणली की जुने ठसे, कानशीचे ओरखडे, दस्त्यावर कुणीतरी कोरलेली अक्षरं, सगळं जातं. आपल्याकडची कोरडी हवा लोखंडाला मानवते, पण मे महिन्यातल्या ४२-४३ अंशांत लाकूड तडकतं. म्हणून उन्हाळ्याआधी दस्त्यांना जवसाचं तेल, अगदी पातळ हात. पुसायला मागाखालच्या सुताचा गुंता. त्याची पोती त्यांना एका जुन्या यंत्रमागवाल्या मित्राकडून मिळतात. त्याच मित्रानं सूत पिळून एक तोडा वळून दिला, सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेला. गच्चीत त्याचा एक तुकडा पेटवून पाहिला तर विझता विझेना, नुसता निखारा सरकत राहिला.

कायद्याच्या बाबतीत ते फार काटेकोर. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला १९५९च्या कायद्यात सूट आहे, पण त्याचेही कागद त्यांनी फायलीत लावून ठेवलेत. २०१९ साली नियम बदलला, एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका. अण्णांकडे परवान्यावर तीन होत्या. त्यातली वडिलांची बारा बोअर त्यांनी जमा केली आणि दोन ठासणीच्या, नळीच्या तोंडातून दारू भरायच्या, ठेवल्या. घरचे म्हणत होते, वडिलांची आठवण आहे, ती ठेवा. ते म्हणाले, "तशा बारा बोअर शेकडो आहेत. ह्या दोन गेल्या तर गेल्या." त्या रात्री ते जेवले नाहीत, हे मला वहिनींनी नंतर सांगितलं.

आता सगळा संग्रह एका संग्रहालयाला द्यायचं ठरतंय, म्हणून दुपारी चिठ्ठ्या लिहायला बसलो. हात थरथरतो त्यांचा. ते सांगतात, मी लिहितो. मार्टिनी-हेन्रीपाशी गाडी अडली. खटक्यामागचा दांडा खाली ओढला की मागचा ठोकळा खाली जातो, ती १८७१ पासूनची इंग्रजी रायफल. ह्या बंदुकीवर मुकुट आहे, खाली व्हिक्टोरिया राणीची अक्षरं आहेत आणि साल १९०६. राणी वारली १९०१ मध्ये. शिवाय "एनफिल्ड" या कारखान्याच्या नावातलं इंग्रजी एन उलटं कोरलंय. इंग्रजी न वाचणाऱ्या कुणा कारागिरानं कानशीनं घासून, डोळ्यांनी पाहून अख्खी रायफल घडवलेली.

मुलगी म्हणाली, "बाबा, बनावट कशाला द्यायची? नाव जाईल तुमचं."

अण्णांनी ती मांडीवर घेतली, उलट्या एनवरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, लिही. "मार्टिनी-हेन्रीची नक्कल. हातानं बनवलेली. कारागीर: माहीत नाही. गाव: माहीत नाही." मुलीनं कडेला "दुर्मीळ" जोडलं होतं, ते खोडायला लावलं. आणि मधल्या कपाटात, एनफिल्डच्या शेजारी जागा द्यायची, असं संग्रहालयाच्या पत्रात वेगळं लिहायला सांगितलंय. ते पत्र उद्या टाइप करायचं आहे.