गळ्यातली नळी सांभाळताना

बाबांच्या स्वरयंत्रावर गाठ आहे हे निदान झालं तोपर्यंत त्यांचा आवाज बसून बरेच महिने झाले होते. आधी जिना चढताना घशातून घरघर यायची, मग नुसतं बसलं तरी यायला लागली. एका रात्री श्वास आत ओढताना बरगड्यांमधली कातडी खोल जाताना दिसली आणि आम्ही टॅक्सीत घालून त्यांना रुग्णालयात नेलं. गाठीने वाट जवळजवळ बंद केली होती. डॉक्टरांनी थांबायला नको म्हणून सांगितलं आणि त्याच रात्री स्वरयंत्राच्या खाली छेद घेऊन श्वासनलिकेत नळी बसवली. ट्रॅकिओस्टॉमी. सकाळी बाबा उताणे, शांत झोपलेले दिसले. असे झोपलेले मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिले नव्हते.

ऑपरेशनबद्दल सांगणारे बरेच भेटतात. नळीसकट घरी आल्यावर काय करायचं, ते सांगणारं फार कुणी नसतं. आमच्या डिस्चार्जच्या कागदावर त्याबद्दल एकच ओळ होती: ट्यूबची काळजी घेणे.

काळजी का घ्यायची, ते आधी समजलं पाहिजे. आपलं नाक हवा गाळतं, कोमट करतं, ओली करतं. गळ्यातून श्वास घेणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. कोरडी हवा थेट आत जाते, कफ वाळतो, नळीच्या आत खपली धरते. ती वाढत गेली की नळी बंद. बाबांच्या बाबतीत वरची वाट गाठीने अडवलेली, म्हणजे तोंडाने किंवा नाकाने भागवून नेता आलंच नसतं. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत इजा व्हायला लागते. १०८ची रुग्णवाहिका २०१४पासून महाराष्ट्रात आहे, मोफत आहे, तिच्यात डॉक्टर असतो, आणि फोन करायचाच. पण लालबागच्या आमच्या गल्लीत, त्यातून गणपतीच्या दिवसांत, ती एवढ्या वेळात दारात पोहोचेल हे मी धरून चालणार नव्हते. त्या मिनिटांत जे करायचं ते घरातल्याच माणसाने करायचं.

म्हणून घरी नेण्याआधी सगळं शिकवा, असा मी वॉर्डात आग्रह धरला. एक सिस्टर खरंच देवमाणूस. म्हणाल्या, ‘‘ताई, हे बघून येत नाही. हातमोजे घाला, इकडे या.’’ बाबांची नळी धातूची होती, दोन भागांची. बाहेरची गळ्यातच राहते, आतली खटका फिरवून काढता येते. आतली काढायची, सोडा बायकार्बच्या पाण्यात टाकायची, ब्रशने आतून घासायची, उकळायची, गार झाली की परत बसवायची. बाहेरची नळी जास्त वेळ उघडी ठेवायची नाही, कारण मग खपली तिच्यातच धरते आणि ती घरी काढता येत नाही. सक्शनची, म्हणजे कफ ओढून घेणाऱ्या मशीनची, बारीक नळी आत सरकवताना ओढ बंद ठेवायची, बाहेर काढताना चालू करायची, आणि हे सगळं दहा-पंधरा सेकंदांच्या आत. त्या वेळात माणसाला श्वास घेता येत नसतो. मी मनातल्या मनात स्वतःचा श्वास रोखून मोजायचे. त्याने बरोबर अंदाज येतो. मानेभोवतीची फीत इतकीच घट्ट की खालून एक बोट जावं. आईलाही हे सगळं यायला हवं, असा माझा हट्ट होता. पहिल्यांदा तिचा हात थरथरला. बाबांनीच तिचं मनगट धरून नळीपर्यंत नेलं.

सामान प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानांतून आणलं. विजेच्या मशीनसोबत पायाने दाबायचं सक्शन मशीनही घेतलं. वीज गेली तर कफ थांबत नाही. बाबांच्या मापाची एक जादा नळी आणि ती आत घालताना लागणारी सळई उशाशी डब्यात ठेवली. बाबांना हाक मारता येत नव्हती, कारण हवा स्वरयंत्रापर्यंत पोहोचतच नाही; म्हणून देवघरातली घंटी त्यांच्या हाताशी ठेवली आणि लिहायला पाटी. समोर टॉवरचं काम चालू होतं, धूळ सतत यायची. नळीच्या तोंडावर ओली जाळीदार पट्टी असायची, ती वाळली की बदलायची. धूप-उदबत्ती बंद. पावडर बंद. आंघोळीचं पाणी छातीच्या वर नाही. जेवताना ताठ बसायचं. पाण्यापेक्षा घट्ट पेज बरी, पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरायची भीती जास्त.

आणि एका पहाटे घंटी वाजली. बाबा उठून बसले होते, दोन्ही हात गादीवर टेकलेले, कपाळ घामाने ओलं, नळीतून बारीक शीळ. आईने दिवा लावला आणि शेजारच्या काकांना १०८ लावायला सांगितलं. मी खटका फिरवून आतली नळी ओढली. तिच्या टोकाला वाळलेल्या डिंकासारखा तपकिरी खडा अडकला होता. शीळ थांबली. बाबांनी मोठा श्वास घेतला, मग खोकले, मग आईने सक्शन केलं. धुऊन ठेवलेली दुसरी आतली नळी मी बसवली. हे सगळं झालं तेव्हा काका अजून फोनवर पत्ताच सांगत होते. आतली नळी काढूनही श्वास आला नसता, तर पुढची पायरी सक्शन. सक्शनची नळीही पुढे जात नसेल तर अख्खी नळी काढून सळईसकट जादाची घालायची आणि सळई लगेच ओढून काढायची. तिथपर्यंत जावं लागलं नाही, पण दोघींना ते पाठ होतं.

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी तपासलं, ऑक्सिजन मोजला, ठीक आहे म्हणाले. सकाळी तपासणीला जाऊनही आलो. रेडिएशनला धातू चालत नाही, म्हणून नंतर प्लॅस्टिकची नळी आली. ‘‘आतली वेगळी निघणारीच द्या,’’ हे मी मागून घेतलं, कारण एकसंध नळीत ही सोय नसते. रेडिएशनने कफ आणखी चिकट झाला, तोंड सोलवटलं, पाटीवर बाबा ‘आज नको’ लिहायचे. ते आठवडे भराभर गेले असं मी म्हणणार नाही.

गाठ विरघळल्यावर आधी रुग्णालयातच नळीला टोपण लावून रात्रभर नजर ठेवली, मग ती काढली. भोकावर पट्टी लावली. बोलताना, खोकताना बोटाने दाबून धरायचं, बस. पायाचं मशीन, ब्रश आणि घंटीसकट सगळं सामान वॉर्डातल्या साताऱ्याच्या एका कुटुंबाला दिलं. त्यांच्या मुलाला म्हटलं, आधी सिस्टरसमोर आतली नळी स्वतःच्या हाताने काढून बसवून दाखव, आणि मग आईकडूनही करून घे.