पंप तोच, मग गुण का येत नाही?

देवगडात माझं मेडिकल आहे. पावसाळ्यात भिंतींना ओल चढली की दम्याच्या पेशंटची एक तक्रार हटकून येते: "झिला, ह्या पंपान आता गुण येना नाय. डुप्लिकेट माल इलो काय?"

माल चोख असतो. बदल पेशीत झालेला असू शकतो, आणि तो मला मनापासून सांगावासा वाटतो.

दम लागल्यावर ओढायच्या निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल हे औषध श्वासनलिकेच्या स्नायूंवरच्या बीटा-२ रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. आतल्या बाजूला निरोप पुढे नेणारं जी-प्रथिन कामाला लागतं, सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, स्नायू सैल पडतात. पण हा संदेश पेशी फार वेळ चालू देत नाही. जीआरके नावाचं एन्झाइम रिसेप्टरच्या आतल्या शेपटीला फॉस्फेट जोडतं. त्यावर बीटा-अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि जी-प्रथिनाची वाट अडवतं. मग अख्खा रिसेप्टरच आत ओढला जातो. औषध ओसरलं की बरेचसे पुन्हा वर येतात. मारा सतत चालू राहिला तर पेशी त्यांना मोडीत काढते.

बीटा-अरेस्टिन नुसतं अडवतंही नाही, स्वतःचे वेगळे संदेश पुढे पाठवतं! हे ज्यांच्या प्रयोगशाळेत उलगडत गेलं त्या अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट लेफ्कोविट्झना, ब्रायन कोबिल्का यांच्यासोबत, २०१२चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्याकडे काम केलेले अरुण शुक्ला आज आयआयटी कानपूरमध्ये याच प्रथिनाच्या मागे आहेत, याचा मला फार आनंद वाटतो.

सगळा दोष अरेस्टिनवर टाकता येणार नाही. स्नायूंतले रिसेप्टर तसे चिवट असतात. ॲलर्जीची रसायनं सोडणाऱ्या मास्ट पेशींतले लवकर थकतात. शिवाय श्वासनळ्यांची सूज वाढली असेल तर निळा पंप ती उतरवत नाही.

ती उतरवतो रोजचा स्टिरॉइडचा पंप, नेमका लोक बरं वाटलं की सोडतात तो. स्टिरॉइडमुळे पेशी बीटा-२ रिसेप्टर नव्याने जास्त बनवते, म्हणजे निळ्या पंपालाही त्याचाच आधार. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९पासून नुसत्या निळ्या पंपावर राहू नका असं स्पष्ट सांगितलंय. वर्षाला २०० मात्रांचे ३ किंवा जास्त पंप लागत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढलेला असतो. तसं गिऱ्हाईक आलं की पंप देतो, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायलाच लावतो.