फळीवरचा पेपर आणि "तिखट"

गेल्या महिन्यात एका ताईंच्या घरगुती मसाल्यांची लेबलं करायला घेतली. पाकिटावर एकच मोठा शब्द हवा होता, "तिखट", आणि तो नुसता बघूनच ठसका लागला पाहिजे असं त्यांचं म्हणणं. मी चार दिवस पिंटरेस्टवर, दोनशेच्या वर फोटो सेव्ह केले असतील, आणि जितकं बघत गेले तितकं डोकं जास्तच बंद होत गेलं, कारण सगळीकडे तेच, लाल मिरची, पिवळं बॅकग्राउंड आणि कुठलातरी जाडजूड फॉन्ट.

मग शनिवारी साताऱ्याला मावशीकडे गेले. दिवाळीची साफसफाई चालू होती, मी डब्यांची फळी पुसायला घेतली तर खाली अंथरलेला जुना पेपर निघाला, तेलाचे डाग पडलेला, आणि त्याच्यावर पानभर नाटकांच्या जाहिराती! मी फडकं हातात घेऊन तिथेच बसले. फोटो जवळजवळ नाहीतच, सगळं काम अक्षरांनी केलेलं. एका नाटकाचं नाव असं काढलेलं की शिरोरेषा मधेच तुटलीये आणि पुढचं अक्षर जरासं खाली सरकलंय, बस, घरात काहीतरी मोडलंय हे कळतं.

मराठी नाटकांच्या अशा अक्षरांचा विषय निघाला की कमल शेडगे यांचं नाव येतंच. २०२० साली गेले ते. कित्येक वर्षं त्यांनी नाटकांची शीर्षकं हाताने काढली, आणि मला त्यांच्या कामातलं सगळ्यात जास्त काय आवडतं तर ते शब्दाच्या शेजारी चित्र चिकटवत नाहीत, त्या अक्षरातच अर्थ शोधतात. हे वाचायला सोपं वाटतं पण करून बघा.

दुसरे र. कृ. जोशी. जाहिरात क्षेत्रात काम केलं, पवईच्या आयआयटीत शिकवलं, आणि विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांचा. म्हणजे आपण सरकारी अर्ज टाइप करताना रोज ज्याच्याकडे बघतो आणि ढुंकूनही बघत नाही, तो फॉन्ट अशा माणसाने केलाय जो कागदावर अक्षरं अक्षरशः नाचवायचा. त्यांची कॅलिग्राफी बघितली की मला लगेच हातात बोरू, म्हणजे टोक कापून केलेली लेखणी, घ्यावासा वाटतो.

तर घेतलाच. पुण्याला आल्यावर लॅपटॉप बंद केला आणि बोरू काढला. देवनागरीसाठी बोरूचं टोक इंग्रजीच्या उलट्या बाजूला तिरकं कापतात, मी इतके दिवस इंग्रजी कॅलिग्राफीच्या निबनेच देवनागरी काढत होते त्यामुळे जाड रेघ नको तिथे यायची आणि अक्षर सारखं परकं वाटायचं. टोक नीट कापून "तिखट" लिहिलं, एकदा, दहादा, मग मोजणं सोडलं. आणि मग लक्षात आलं की या शब्दात मिरची आधीपासूनच आहे, ती पहिली वेलांटी! ती वर जाते, वळते आणि त वर येऊन टेकते. मी ती जास्त लांब ओढली, शेवटाला एकदम बारीक केली, म्हणजे टोक टोचेल अशी, आणि ट चं पोट घट्ट आवळून घेतलं. देठ नाही, पान नाही, लाल रंगसुद्धा नाही, क्राफ्ट पेपरवर नुसती काळी शाई.

शिरोरेषा सगळ्यात शेवटी, एका दमात. आमच्या चौकातले पेंटरकाका असंच करायचे, खडू लावलेली दोरी भिंतीवर ताणून फट्कन सोडायची, त्या रेघेखाली अक्षरं काढून घ्यायची आणि मग श्वास रोखून वरून ब्रश ओढायचा. लहानपणी शाळेतून येताना मी तेवढ्यासाठी थांबायचे. आता त्या चौकात सगळे फ्लेक्स आहेत आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या भिंती म्हणजे माझा पहिला ड्रॉइंगचा क्लास होता.

पिंटरेस्ट वाईट आहे असं नाही, पण तिथे देवनागरीबद्दल शोधायला गेलं की दुसऱ्यांनी काढलेली उत्तरंच मिळतात, आणि मला तर शब्दाकडेच बघायची गरज होती.

ताईंना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन, "अगं, ही वेलांटी बघून तोंडाला पाणी सुटलं!" आता पुढचं लेबल गोडा मसाल्याचं आहे. "गोडा" मधला ड कसा गोल आणि ऊबदार करायचा यावर सध्या वहीची पानं भरतीयेत, आणि मावशीला सांगून ठेवलंय की उरलेल्या फळ्यांवरचे पेपर मी येईपर्यंत काढू नकोस.