मास्तरांच्या सायकलवरून: शनिवारी येळ्ळूर, रविवारी बेळगाव

बेळगाव सायकलवरून बघायचं असेल तर शनिवारी शहरात शिरू नका. शनिवारी बाजार. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं उतरतात आणि गणपत गल्लीत सायकल चालवता येत नाही, ढकलावी लागते. शनिवारी येळ्ळूर, रविवारी शहर, हा क्रम आमच्या मित्राचा. शाळेत शिकवायचा म्हणून सगळ्या गावाचा मास्तर. गेल्या पावसाळ्यात तो गेला. "गंजत पडण्यापेक्षा तुम्हीच न्या की भावजी," म्हणून वहिनींनी त्याची सायकल माझ्याकडं दिली, आणि भातं कापून झाल्यावर तिच्यावरून मी त्याच्याच क्रमानं फिरून आलो. सीट दोन बोटं खाली घेतली. त्याला ते चाललं नसतं, पण गुडघे माझे आहेत.

निघण्याआधी सीटखालची पिशवी उघडली. पॅच, काचकागदाचा तुकडा आणि सोल्युशनची ट्यूब, ती वाळून खडखडीत. एकदा उघडलेली ट्यूब फार दिवस टिकत नाही, तेव्हा तुमची आजच दाबून बघा. रविवारी सकाळी पंक्चरवाला उठवून मिळणार नाही.

येळ्ळूरची वाट वडगाववरून. येळ्ळूरचा किल्ला म्हणजे राजहंसगड, शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटर. दोन्ही बाजूंना बासमतीची शेतं, या दिवसांत नुसती धसकटं आणि मध्येच मसूर उगवलेला. खरा चढ शेवटी, गडाखालच्या गावापासून. तिथं गिअर नसेल तर लाजू नका, उतरा. मास्तर कधी उतरला नाही. उलट चढावरच त्याला बोलायची हुक्की यायची: कुणाचा प्लॉट कुणी घेतला, कोर्टात कोण कुणाविरुद्ध. आपण धापा टाकत "हं, हं" करायचं. यावेळी बोलणारं कोणी नव्हतं, आणि चढ भलताच लवकर संपला. इतकी वर्षं त्याच्या गप्पांनीच तो लांबत होता बहुतेक. वर सिद्धेश्वराचं देऊळ, शिवरायांचा मोठा पुतळा, आणि वारा. घाम आलेल्या अंगाला तो बाधतो, एखादं जाकीट असू द्या. उतरताना वळणांवर खडी असते. पुढचा ब्रेक एकटा दाबू नका.

रविवारी उजाडताना पहिल्या गेटपासून सुरुवात. पाट्या बहुतेक कानडीत, पण वाट विचारायची तर टिळकवाडीत सगळा हिशोब रेल्वे गेटांचाच: पहिलं, दुसरं, तिसरं. रूळ ओलांडताना चाक काटकोनात घाला, दवानं ओले असले तर नक्कीच. काँग्रेस रोडला सकाळी मोकळं असतं. वीरसौधाला थांबा, काँग्रेस अधिवेशनाचं स्मारक ते. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते इथल्या डिसेंबर १९२४ च्या अधिवेशनात. त्या गर्दीला पाणी पुरावं म्हणून खणलेली विहीर अजून आहे.

तिथून गोवावेस, शहापूर, कपिलेश्वरचा पूल आणि मग बाजारपेठ. किर्लोस्कर रोडला मास्तर हटकून पाय टेकायचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावातच सायकलींचं दुकान काढलं. पुढं नांगर करू लागले, जागा सोडावी लागली, आणि १९१० मध्ये कारखाना कुंडलच्या माळावर गेला. "आमच्या गावानं सायकलवाल्याला घालवलं आणि रस्त्याला नाव देऊन मोकळं झालं," असं तो म्हणायचा. दर वेळी, त्याच जागी. मीही थांबलो, नुसतं पुढं जाणं जमलं नाही.

किल्ला बाजारपेठेपासून जवळ. आत लष्कराची जागा पुष्कळ, तेव्हा फोटो विचारूनच काढा. कमल बस्तीला मात्र वेळ ठेवा. १२०४ चं जैन मंदिर, रट्ट राजांच्या काळातलं. मंडपाच्या छताला दगडाचं कमळ उलटं लोंबतंय, पाकळ्या ७२. मास्तर सरळ फरशीवर उताणा पडून मोजायला लागायचा आणि चाळिशीच्या आसपास कुठंतरी चुकायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. पुजारी हसायचे. मी आडवा झालो, पाठीला फरशी गार लागली, आणि मोजलं काहीच नाही. पाकळ्यांची एक रांग दुसरीत कशी शिरते एवढंच बघत राहिलो. फोटोत ते कळत नाही, पडूनच बघा. रामकृष्ण आश्रमही किल्ल्यातच. विवेकानंद १८९२ मध्ये बेळगावात आले होते, तेव्हाच्या मुक्कामाची ती जागा. कॅम्पात झाडं आहेत आणि उन्हं चढल्यावर परतायला तोच रस्ता बरा. कुंदा घ्यायचा तर शेवटी घ्या, पिशवीत तुपाचा डाग पडतो.

१ नोव्हेंबरला हा बेत ठेवू नका. त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका आणि सीमाभागातल्या मराठी माणसांच्या काळ्या दिनाची सायकल फेरी, दोन्ही रस्त्यावर असतात.

परतताना गोवावेसजवळच्या टपरीवर चहाला थांबलो. चहावाल्यानं मडगार्डवरची लाल चिकटपट्टी बघितली.

"सायकल मास्तरांची न्हवं? येईनात अलीकडं?"

सांगितलं. तो स्टोव्हकडं बघत राहिला, मग चहा गाळला. पैसे द्यायला गेलो तर घेईना. मास्तरनं मागं पन्नासची नोट दिलेली, सुटे नव्हते, उरलेले याच्याकडंच जमा. "त्यातनंच वळते करतो," म्हणाला. हिशोबानं अजून दोन चहा निघतात. चहा चांगला आहे, पण नवाच्या आत जा, नंतर बाकड्यावर जागा मिळत नाही.