अतिक्रमणामुळे वाचलेलं थिएटर

ओरांजला गेलात की तिथलं रोमन थिएटर आधी पाठमोरं भेटतं. दक्षिण फ्रान्समधलं, आविन्योंपासून ट्रेनने वीसेक मिनिटांवरचं, तीसेक हजार वस्तीचं हे गाव. स्टेशनवरून चालत निघालं की फिकट पिवळी बुटकी घरं, करड्या-निळ्या रंगाची खिडक्यांची झापडं, बेकरी, फार्मसीचा हिरवा क्रॉस, सगळं कसं मापात, आणि मग एका वळणानंतर एकदम भिंत. १०३ मीटर लांब आणि ३७ मीटर उंच. म्हणजे आपल्याकडची बारा मजली बिल्डिंग घ्या, तिला खिडक्या, गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे काही काही ठेवू नका, आणि ती गल्लीच्या तोंडाशी आडवी लावून द्या. चौदाव्या लुईने हिला म्हणे माझ्या राज्यातली सगळ्यात सुंदर भिंत म्हटलं होतं, हे वाक्य तिथे गाईडपासून माहितीपत्रकापर्यंत सगळे ऐकवतात. मला ती सुंदर वगैरे नाही वाटली. दांडगी वाटली. दोन हजार वर्षं कुणाचं न ऐकता उभी राहिलेली.

आईचं पहिलं वाक्य होतं, "ही नक्की कुणाच्या हद्दीत येते रे?"

आई नगर भूमापनातून रिटायर झाली. आयुष्यभर मोजण्या, नकाशे, हद्दीच्या खुणा, शेजाऱ्याने सहा इंच आत घेतलेली कंपाउंड वॉल, ह्याच गोष्टी तिने पाहिल्यात, त्यामुळे ताजमहाल पाहिला तरी तिला आधी त्याच्या चतुःसीमा डोक्यात येणार. दादाने "नगरपालिकेच्या असेल गं आई, चल" म्हणून विषय संपवला आणि आम्ही तिकिटाच्या रांगेत लागलो.

समोरच्या चौकाला मूने बंधूंचं नाव आहे. दोघेही नट. त्यातला थोरला, मूने-सुली, १८८८ साली ह्याच थिएटरात ग्रीक शोकांतिकेतला राजा इडिपस झाला होता. नटांच्या नावाचा चौक, तोही थिएटरच्या दारात, हे मला भलतंच आवडलं.

आत गेलं की भिंतीची दुसरी बाजू. हीच खरी पुढची बाजू, स्टेजच्या मागची. रोमन थिएटरची ही भिंत पूर्ण उंचीची शिल्लक आहे अशी ठिकाणं जगात बोटावर मोजण्याइतकी, तुर्कस्तानात आस्पेन्दोस, सिरियात बोसरा आणि हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुरुवातीचं बांधकाम, म्हणजे आपल्याकडे सातवाहनांचा काळ. जुलियस सीझरच्या सैन्यातल्या निवृत्त शिपायांना इथे जमिनी देऊन वसवलं आणि आराउसिओ नावाचं गाव उभं केलं, इसवी सनापूर्वी ३५ च्या आसपास. शिपाई रिटायर झाले, शेती मिळाली, पुढे पिढीभरात हे एवढं थोरलं थिएटर. एवढ्याशा गावाला नऊ-दहा हजार लोक बसतील असं थिएटर कशाला लागावं, तर ते करमणुकीसाठी कमी आणि आता इथे रोम आहे हे सांगण्यासाठी जास्त होतं. भिंतीला तेव्हा खांबांच्या तीन ओळी होत्या, वर संगमरवर, कोनाड्यांत पुतळे. आता थोडे खांब उरलेत आणि मधोमध वरच्या कोनाड्यात साडेतीन मीटरचा सम्राट, हात वर करून. तो बहुतेक ऑगस्टस, रोमचा पहिला सम्राट. १९३१ साली तुकड्या-तुकड्यांत सापडला, मग जोडून परत वर चढवला. अशा पुतळ्यांची डोकी बदलायची सोय असायची म्हणे, सम्राट बदलला की धड तेच, डोकं नवीन. खर्चाच्या दृष्टीने उत्तम आयडिया.

पायऱ्यांवर बसण्याचा मात्र कडक हिशोब होता. तिकीट फुकट, गावातले पैसेवाले पुढारी खर्च करायचे, पण कुणी कुठे बसायचं हे तुमच्या खिशावर नाही तर तुमच्या दर्जावर ठरलेलं. अगदी खाली स्टेजसमोरच्या अर्धगोलात गावच्या कौन्सिलरांच्या सुट्या खुर्च्या, त्यामागे घोडदळाच्या दर्जाचे सरदार लोक, त्यांच्या तीन ओळी राखीव असल्याचं दगडावर कोरलेलंच आहे, ती अक्षरं अजून दिसतात. मग व्यापारी, कारागीर, साधे नागरिक, आणि सगळ्यात वर, जिथून नट मुंगीएवढा दिसणार, तिथे गुलाम, परके लोक, बायका. आम्ही तिघं सवयीने सरळ वरपर्यंत चढलो. जन्मभर नाटकं बाल्कनीतून पाहिलेल्या माणसाला पुढच्या रांगेत बसून करमत नाही. आणि हिशोबाने आम्ही दोघी बायका नि तिघंही परके, म्हणजे जागा अगदी बरोबर.

वरून कळतं की हे सगळं टेकडीला टेकलेलं आहे. सांत-यूत्रोप नावाची टेकडी, तिच्या उताराचा फायदा घेऊन पायऱ्या बसवल्यात, त्यामुळे खाली कमानींचा डोलारा कमी लागला, पैसे वाचले. प्रेक्षकांचं तोंड उत्तरेला, म्हणजे ऊन डोळ्यात नाही, आणि उत्तरेकडून येणारा मिस्ट्राल नावाचा बोचरा वारा, जो त्या भागात माणसाचं डोकं फिरवतो, तो आधी ह्या भिंतीवर आपटणार. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला अगदी वर भोकं पाडलेले दगड पुढे आलेत, त्यात खांब रोवून प्रेक्षकांच्या डोक्यावर कापडाचं छत ताणायचे. उकाडा जास्त झाला तर केशराचं सुगंधी पाणी शिंपडायची पण पद्धत होती रोमन थिएटरांत. आम्ही कितीतरी नाट्यगृहांत एसी बंद असताना दुसरा अंक काढलाय, तेव्हा ह्या केशरावर आम्ही तिघांनी मिनिटभर मौन पाळलं.

पडद्याचीही गंमत आहे. त्यांचा पडदा नाटक सुरू होताना वर जात नसे, खाली जायचा, स्टेजच्या पुढच्या काठाला असलेल्या खाचेत, आणि नाटक संपलं की तिथून वर यायचा. म्हणजे शेवटी आधी नटांचे पाय दिसेनासे होणार आणि मग डोकं. मोठमोठ्या शोकांतिका म्हणाल तर त्या तोवर मागे पडल्या होत्या, लोकांना हवे होते माइम (म्हणजे छोटी विनोदी नाटुकली), पँटोमाइम (मुखवटा घालून केलेला मूक नाच-अभिनय), नाच, थट्टामस्करी. माइममध्ये बायका स्वतः काम करायच्या, मुखवटा न घालता.

आवाज तपासायला दादाला खाली पाठवला. तो अर्धगोलात उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं, लोक आहेत म्हणून लाजला आणि अगदी हळू, रोजच्या आवाजात म्हणाला, "जेवायचं कुठे मग?" आणि इतक्या वरून आई म्हणाली, "डबा आणलाय की!" दोन्ही वाक्यं अख्ख्या थिएटरने ऐकली. मधल्या ओळीतल्या एका आजीबाईंनी भाषा न कळताही हसून मान डोलावली, त्यांना विषय कळला असणार. ही त्या भिंतीची करामत. आवाज तिच्यावरून परत येतो, स्टेजवरचं छप्पर त्याला खाली ढकलतं, मूळचं लाकडी छप्पर कधीच गेलं, आत्ताचं स्टील-काचेचं २००६ मधलं.

पण माझं मन खरं अडकलं ते ह्या सगळ्यात नाही. अडकलं ते मधल्या पंधराशे वर्षांत. चौथ्या शतकाच्या शेवटी, ख्रिश्चन राजवटीत, हे थिएटर बंद पडलं. मग लूटमार झाली, संगमरवर गेला, पुतळे फुटले. अशा मोठ्या बिल्डिंगचं एरवी काय होतं तर ती गावाची दगडाची खाण होते, ज्याला घर बांधायचं त्याने यावं नि चार चिरे न्यावेत. थिएटरला लागूनच मोठं देऊळ होतं, त्याचा आता जवळजवळ पायाच उरलाय. मग थिएटरच का राहिलं? तर लोकांनी ते बळकावलं म्हणून. टेकडीवर राजाचा किल्ला झाला तेव्हा ही भिंत त्याच्या तटबंदीच्या कामाला आली. सोळाव्या शतकात कॅथलिक-प्रोटेस्टंट कापाकापी सुरू झाली तेव्हा लोक जीव वाचवायला आत शिरले, आणि आत घरं झाली, भिंतीला टेकून, भिंतीत तुळया खुपसून, अख्खा मोहल्ला. १६२० च्या दशकात मॉरिस ऑफ नासाऊने (ओरांज तेव्हा हॉलंडच्या ओरांज-नासाऊ घराण्याकडे होतं) टेकडीवर नवा किल्ला बांधताना गावातले रोमन दगड उपसले, पण थिएटरला हात लावला नाही कारण ते किल्ल्याच्या उपयोगाचं होतं. तो किल्ला पुढे लुईने १६७३ मध्ये पाडला, तोच भिंतीचं कौतुक करणारा लुई. क्रांतीच्या धामधुमीत इथे कैदी पण डांबले होते.

म्हणजे भिंत ज्यांनी टिकवली त्यांच्यात एकही कलाप्रेमी नाही. एक बाई असेल जिच्या स्वैपाकघराची मागची बाजू म्हणजे सम्राटाच्या दरवाज्याची चौकट, आणि ती गळायला लागली की तिचा नवरा वैतागून चुना लावत असेल. मला तरी ही माणसं ऑगस्टसपेक्षा जवळची वाटतात. गावाच्या वेशीवरच्या रोमन कमानीचं तेच, तेराव्या शतकात एका सरदाराने तिचा बुरूज करून टाकला म्हणून ती उभी आहे, आर्ल गावातल्या रोमन रिंगणात तर दोनशेवर घरं होती. मग एकोणिसाव्या शतकात सरकारला जाग आली, लेखक प्रोस्पेर मेरिमेसारखा माणूस स्मारकांच्या खात्यात होता, घरं हटवली, वास्तुविशारद कारिस्तीने दुरुस्तीला हात घातला, पायऱ्या हळूहळू नव्याने बसवल्या. आपण बसतो त्यातल्या बऱ्याचशा पायऱ्या त्यामुळे रोमन नाहीतच. १८६९ पासून परत कार्यक्रम सुरू झाले, आता जुलैत ऑपेरा असतात आणि १९८१ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव. हे सगळं छानच, पण माहितीच्या बोर्डांवर 'घरं हटवून थिएटर मोकळं केलं' असा सूर असतो, जणू ती माणसं म्हणजे साचलेला कचरा. एखादं घर राहू द्यायचं होतं असं मला फार वाटून गेलं.

हे मी आईला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "अतिक्रमण ते अतिक्रमण." ह्यापुढे वाद नाही.

समोरच गावाचं म्युझियम आहे. आम्ही शिरलो ते उन्हाला कंटाळून, आणि आत आईची लॉटरी लागली. तिथे भिंतभर संगमरवराचे तुकडे जोडून लावलेत, त्यावर चौकोन आखलेत आणि चौकोनात बारीक अक्षरं. हा रोमन लोकांचा सातबारा आहे. वेस्पासियन बादशहाने इसवी सन ७७ मध्ये कोरून घेतला, कारण काय, तर सरकारी जमिनींवर खाजगी लोकांनी अतिक्रमण केलं होतं आणि ती परत घ्यायची होती! तुकडे निघाले ते बरेचसे १९४९ साली, गावात एका बँकेसाठी खणताना. प्रत्येक चौकोन सातशे दहा मीटरच्या आसपास बाजूचा, त्यात सरकारी किती, शिपायांना दिलेली किती, मूळच्या स्थानिक लोकांकडे राहिलेली किती हे लिहिलेलं, आणि स्थानिकांच्या वाट्याला अर्थातच खडकाळ. काही तुकड्यांवर तर गावातल्या सरकारी प्लॉटचं भाडं, भाडेकरूचं नाव आणि जामीनदाराचं नाव.

"जामीनदार पण?" आई एकदम पुढे सरकली. मग पर्समधून चष्मा निघाला. थिएटरमध्ये जी बाई अर्ध्या तासात "झालं का बघून" म्हणत होती ती तिथून हलेना. दादाने मोबाईलवर वाचून सांगितलं की दोन मुख्य रस्ते एकमेकांना काटकोनात छेदणार, त्यांच्यापासून डावीकडे-उजवीकडे, अलीकडे-पलीकडे असे आकडे टाकले की प्लॉट सापडतो, तर तिने दोन मिनिटांत एक चौकोन स्वतः शोधून दाखवला, बोटाने हवेत हेक्टरचे एकर केले, सव्वाशेच्या आत-बाहेर एकर आले, ते परत एकदा पडताळले. परतीची ट्रेन जवळ आली होती, मी दारात उभी राहून हाका मारत होते. शेवटी ती आली, चष्मा घडी केला आणि म्हणाली, "मोजणी चोख आहे हो ह्यांची. फक्त फेरफार कुठे नोंदवायचे? दगडावर?"