भोचकपणाची परवानगी

पुस्तक हातात आलं की मी आधी नकाशा शोधते. त्या जुन्या इंग्लिश खूनकथा असतात ना, गावाबाहेरची मोठ्ठी हवेली, शनिवार-रविवारचे पाहुणे आणि लायब्ररीत प्रेत, त्यात बऱ्याचदा घराचा नकाशाच छापलेला असतो. अगाथा ख्रिस्तीच्या पहिल्याच कादंबरीत, १९२० ची, स्टाइल्स नावाच्या घराचा वरचा मजला काढून दाखवलाय आणि खरं सांगते, मी कथेपेक्षा त्या पानावर जास्त वेळ बसले होते. बाई या खोलीत, तिचा नवरा पलीकडच्या खोलीत, मध्ये दार आणि दाराला आतून कडी. आता कडी का बरं? आमच्या वन बीएचकेचा नकाशा छापला तर गोष्ट तिथेच संपेल, कारण रात्री पाणी प्यायला उठलं तरी तिघं जण विचारतात, काय गं, काय झालं.

लोक म्हणतात या गोष्टींची मजा कोड्यात आहे. असेल बाबा. मला आजवर एकही कोडं सुटलेलं नाही, आणि खुनी कोण हे पाठ असूनही मी तीच पुस्तकं तिसऱ्यांदा वाचते, विशेषतः ताप आला असेल तर. मग कोड्याचा काय संबंध? माझा आपला एक संशय आहे की आपल्याला आवडतो तो भोचकपणा. एरवी दुसऱ्याच्या घरात जाऊन कोण कुठे झोपतं, रात्री दूध कोणी नेऊन दिलं, पत्र कोणी जाळलं असलं विचारलं तर लोक दारात उभं करणार नाहीत. पण एक खून पडू दे, मग बाहेरचा कोणीतरी येतो आणि सगळ्यांना बसवून हेच प्रश्न विचारतो, आणि मोठमोठ्या बायका निमूट उत्तरं देतात!

त्यात ते घर घड्याळावर चालणारं. चारला चहा, संध्याकाळी कपडे बदलायची घंटा, मग जेवणाची घंटा. म्हणून तर सव्वासात वाजता तुम्ही कुठे होतात या प्रश्नाला काही अर्थ असतो. ज्या घरात जो तो वाटेल तेव्हा जेवतो तिथे कसली अ‍ॅलिबाय, म्हणजे 'मी तेव्हा दुसरीकडे होतो' हा पुरावा, नि कसलं काय.

आणि हे घड्याळ चालवणारी माणसं मागच्या जिन्याने ये-जा करतात. बटलर, आचारीण, शेगडी पेटवणारी पोरगी. त्यांना सगळं माहीत असतं आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही. 'बटलरनेच केलं' हा जोक जगभर झालाय पण प्रत्यक्षात बटलरच्या वाट्याला खून फारसा येतच नाही. एस. एस. व्हॅन डाइन म्हणून एक अमेरिकन लेखक होता, त्याने १९२८ मध्ये खूनकथांचे वीस नियम लिहिले, त्यात चक्क एक असा की नोकराला खुनी करू नये, फार सोपं होतं ते, खुनी कसा तोलामोलाचा माणूस हवा. म्हणजे खून करायलाही खानदान लागतं. मला याचा रागही येतो आणि हसूही.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे आणि ती ताप असताना वाचण्यासारखी अजिबात नाही. जून १८६० मध्ये इंग्लंडमधल्या रोड नावाच्या गावात, रोड हिल हाउसमध्ये, चार वर्षांचाही नसलेला एक मुलगा रात्री झोपेतून उचलून नेऊन मारला गेला. दारं-खिडक्या रात्री बंद केलेल्या, म्हणजे घरातलंच कोणीतरी. स्कॉटलंड यार्डचा जोनाथन व्हिचर आला आणि त्याने काय धरलं, तर धोब्याची वही! मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीचे, कॉन्स्टन्सचे, तीन नाइटगाउन असायला हवे होते, एक सापडेना. तेवढ्यावर त्याने तिला पकडलं. लोक खवळले, पण मुलगा गेला यापेक्षा एक साधा पोलीस सभ्य घरातल्या मुलीचे आतले कपडे मोजतो म्हणजे काय याचाच राग जास्त. मुलगी सुटली, व्हिचरचं नाव गेलं. पाच वर्षांनी तिने स्वतःच कबुली दिली.

इंग्लिश लेखक विल्की कॉलिन्सने १८६८ च्या 'द मूनस्टोन' या कादंबरीत तो नाइटगाउन आणि ती धोब्याची वही उचलली, मेलेलं मूल मात्र काढून टाकलं आणि त्या जागी श्रीरंगपट्टणच्या लुटीतला हिरा ठेवला. गोष्ट सांगायला बसवला घरातला म्हातारा कारभारीच. मला वाटतं सगळी मेख इथे आहे. रडायचं कारण काढून घेतलं, उचकपाचक तेवढी ठेवली. पुढे ख्रिस्तीने तेच केलं, मरतो तो बऱ्याचदा श्रीमंत, खडूस आणि मृत्युपत्र बदलायच्या बेतात असलेला म्हातारा. त्याच्यासाठी कोण रडणार? तिला विषं चांगली माहीत होती, पहिल्या महायुद्धात तिने टॉर्कीच्या दवाखान्यात औषधं बनवायचं काम केलं होतं, त्यामुळे त्या म्हाताऱ्याची सोयही व्यवस्थित लागायची. आणि मृत्युपत्राचं इतकं का, तर १८९४ मध्ये तिकडे मेलेल्या माणसाच्या मालमत्तेवर एक नवा कर लागला, युद्धानंतर तो वाढत गेला, घरं पडायला नाहीतर विकायला लागली. या पुस्तकांत नीट वाचलं तर छपराच्या दुरुस्तीची काळजी कुठेकुठे ऐकू येतेच, चहाच्या कपामागे.

ख्रिस्तीने स्वतः १९३८ मध्ये डेव्हनमध्ये नदीकाठी ग्रीनवे नावाचं असंच घर घेतलं. आता ते जुनी घरं जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे, तिकीट काढून आत जाता येतं. माझी भाची तिकडे नोकरीला आहे, ती मध्ये जाऊन आली आणि तिने सत्तर-ऐंशी फोटो पाठवले. बाग, नदी, बोटहाउस, लायब्ररीच्या भिंतीवर वरच्या बाजूला युद्धात तिथे राहिलेल्या एका अमेरिकन माणसाने काढलेली चित्रं, जी ख्रिस्तीने नंतर पुसली नाहीत. मी सगळे झूम करून पाहिले. मग फोन लावला, म्हटलं, अगं नोकरांचा जिना कुठे दिसत नाही यात. तर म्हणे, मावशी, ते कोण बघतं?