बॉयलरचा काटा आणि भिंतीबाहेरची तांब्याची नळी

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीला गॅसचा कॉम्बी बॉयलर (नळाचे आणि रेडिएटरचे, दोन्ही पाणी तापवणारा) टांगलेला आहे आणि वरखाली मिळून नऊ रेडिएटर आहेत. बॉयलर पाणी तापवतो, पंप ते तांब्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरवतो आणि थंड झालेले पाणी पुन्हा बॉयलरकडे परतते. नळाला येणारे गरम पाणी वेगळे. घर उबदार ठेवणारे पाणी मात्र बंद चक्रातले असते, वर्षानुवर्षे तेच ते फिरत राहते. त्यामुळे ते कमी होऊ लागले, तर ते कोठून तरी बाहेर जात आहे हे नक्की.

जानेवारीत एका पहाटे घर गारठलेले होते. साताऱ्याहून आलेली आई दोन शाली गुंडाळून पलंगावर बसली होती. बॉयलर बंद पडला होता आणि त्याच्या दाबाचा काटा शून्याजवळ टेकला होता. यंत्रणा थंड असताना दाब १ ते १.५ बार (बार हे दाब मोजण्याचे एकक) असावा असे बॉयलरबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिले होते. बॉयलरखालच्या जाळीदार नळीच्या दोन्ही चाव्या सोडून मी पाणी आत घेतले, काटा १.२ वर आल्यावर चाव्या घट्ट बंद केल्या आणि बॉयलर सुरू झाला. दोन दिवसांनी पुन्हा तेच घडले. पुढच्या पंधरवड्यात तर रोज सकाळी पाणी भरण्याची वेळ आली, आणि पाणी भरणे म्हणजेच दुरुस्ती असे मी धरून चालले, ही माझी चूक झाली.

पहिल्या तंत्रज्ञाने बॉयलरकडे जेमतेम पाहून लाकडी जमिनीखाली कोठेतरी गळती असल्याचे सांगितले. फळ्या उचकटून शोध घ्यावा लागेल, असे त्याचे म्हणणे होते. खर्चाचा आकडा ऐकून मी चार दिवसांची मुदत मागितली आणि त्याच रात्री एक वही काढून ठेवली.

पहिल्या दिवशी हीटिंग सुरू करण्यापूर्वी काटा १.२ वर होता, पाऊण तासाने २.९ वर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ०.३ वर. तीन दिवस आकडे जवळजवळ तेच आले. साधी गळती असती, तर थंड असतानाचा दाब हळूहळू उतरत गेला असता. तापल्यावर तो ३ बारला भिडण्याचे काही कारण नव्हते. खरे कोडे सकाळच्या ०.३ मध्ये नव्हते, ते रात्रीच्या २.९ मध्ये होते.

पाणी तापले की फुगते. यंत्रणेत १०० लिटर पाणी असेल, तर १० अंशांवरून ७० अंशांवर जाताना ते सुमारे सव्वादोन लिटरने वाढते. या वाढीला जागा मिळावी म्हणून बॉयलरमध्ये एक्स्पान्शन व्हेसल नावाचे लोखंडी भांडे असते. त्याच्या आत रबरी पडदा ताणलेला असतो; पडद्याच्या एका बाजूला यंत्रणेचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला भरलेली हवा. पाणी फुगले की हवा दबते, त्यामुळे काटा अर्धा बारच्या आसपासच वर चढतो. हवा निघून गेली किंवा पडदा फाटला, की फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही. मग कुकरची शिट्टी उडावी तसा ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, जादा पाणी भिंतीबाहेर काढलेल्या नळीतून टाकले जाते आणि यंत्रणा थंड झाल्यावर तेवढ्या पाण्याची तूट दिसते.

ती नळी दाखवली आईने. मागच्या अंगणात उभी राहून ती म्हणाली, "अगं, ही नळी कसली? हिच्याखाली तेवढ्यापुरताच बर्फ साठलाय बघ." विटांच्या भिंतीतून बाहेर येऊन पुन्हा भिंतीकडे वळलेली तांब्याची ती नळी होती. खालच्या विटेवर हिरवट ओघळ उतरला होता आणि जमिनीवर बशीएवढा बर्फाचा गोळा होता. मी नळीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी सैलसर बांधली. सकाळी तिच्यात दोन पेले भरतील एवढे पाणी होते, तेही करड्या रंगाचे. फळ्या उचकटण्याचा प्रश्न तिथेच मिटला.

बॉयलरचे झाकण मी स्वतः उघडले नाही, आणि कोणीही उघडू नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ब्रिटनमध्ये गॅसचे काम ‘गॅस सेफ’ या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या तंत्रज्ञानेच करायचे असते. काम सुरू होण्यापूर्वी त्याचे ओळखपत्र आणि त्यावर लिहिलेली कामे तपासून घ्यावीत. दुसऱ्या तंत्रज्ञ बाईंना मी वही आणि पिशवी दोन्ही दाखवली. त्यांनी भांड्याच्या व्हॉल्व्हची टोपी काढली (तो सायकलच्या ट्यूबवर असतो तसाच दिसतो) आणि मधली पिन दाबली. हवेऐवजी काळपट पाण्याची चिळकांडी उडाली. नुसती हवा कमी झाली असती, तर पंपाने भरून भागले असते. पाणी आल्याचा अर्थ पडदा फाटला होता. जुने भांडे बॉयलरच्या पाठीमागे अडकलेले असल्याने त्यांनी परतीच्या नळीवर नवे भांडे बाहेरून जोडले. सेफ्टी व्हॉल्व्हही बदलला, कारण वारंवार उघडल्याने त्याचे झाकण टेकते त्या जागी कचरा अडकून तो थेंब थेंब गळू लागतो.

माझ्या पाणी भरण्याचा परिणाम मात्र मागे उरला होता. प्रत्येक वेळी आत गेलेल्या ताज्या पाण्याबरोबर प्राणवायूही गेला, रेडिएटर आतून गंजले आणि काळा गाळ तळाशी बसला. रेडिएटर वरून थंड आणि खालून गरम असेल, तर आत हवा अडकलेली असते, ती चावीने सोडता येते. पण आईच्या खोलीतला रेडिएटर वरून गरम आणि खालून गार होता, म्हणजे गाळच. गंजरोधक द्रव यंत्रणेत घालून झाला आहे.

आता काटा थंड असताना १.२ आणि तापल्यावर १.६ दाखवतो आणि गेल्या पाच आठवड्यांत मला एकदाही पाणी भरावे लागलेले नाही. आईच्या खोलीतला रेडिएटर तळाशी अजून कोमटच आहे. मे महिन्यात हीटिंग बंद झाले, की तो उतरवून अंगणात नळाखाली धुऊन काढायचा आहे.